समुद्रापासून तीन राज्यं दूर

आयुष्यात एकदाही नेब्रास्काला न गेलेल्या लोकांमध्ये नेब्रास्काची सगळ्यांत जास्त माहिती असलेले गृहस्थ टोकियोतल्या हिगाशी-कसाईत, सातव्या मजल्यावर, आमच्या भिंतीपलीकडे राहायचे. हे मी उगाच कौतुकाने म्हणत नाही. प्रत्यक्ष नेब्रास्कात जन्मलेल्या माणसाची त्यांनी बोलती बंद केलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. ती हकीकत पुढे येईलच. नेब्रास्का हे अमेरिकेच्या पोटात जवळजवळ मधोमध बसलेलं एक राज्य आहे आणि तिथे मका पिकतो, एवढं आज मला माहीत आहे. खरं सांगायचं तर याहून बरंच जास्त माहीत आहे, पण त्यात माझा काही दोष नाही. भिंत पातळ होती.

हे गृहस्थ म्हणजे माझी मैत्रीण मृणाल हिचा नवरा. मी त्यांना भावजी म्हणायचे आणि ते मला वहिनी. मृणाल भाताच्या मुळांवर संशोधन करते. पाणी कमी पडलं की मुळं काय करतात, हा तिचा विषय. समुद्र जास्त झाला की नवरा काय करतो, हा विषय तिला आपोआप मिळाला. आमच्या इमारतीत भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबं होती. नवरा नोकरीवर आलेला आणि बायको 'बरोबर आलेली', असा साधारण हिशेब. मीही बरोबरच आले होते. पुढे जपानी शिकून एका कंपनीत भाषांतराचं काम धरलं. भावजी हे आमच्यातले एकमेव बरोबर आलेले पुरुष. सोलापूरची विमा कचेरीतली बरी नोकरी सोडून ते बायकोच्या मुळांमागे टोकियोला आले आणि त्याबद्दल एका शब्दाने कधी कुरकुरले नाहीत. कुरकुरायला वेळ कुठे होता? आल्या आल्या त्यांनी कचऱ्याचं शास्त्र हाती घेतलं. कुठल्या वारी कुठला कचरा, दुधाचा खोका कसा धुऊन, कापून, वाळवून बांधायचा, हे नव्याने आलेल्या बायकांना ते कचऱ्याच्या खोलीसमोर उभे राहून शिकवायचे. "बाटली वेगळी, झाकण वेगळं, लेबल वेगळं," ते म्हणायचे, "गीतेत हेच सांगितलंय की." गीतेत हे नेमकं कुठे सांगितलंय, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दोन हजार अकराच्या मार्चपर्यंत भावजींचं आणि समुद्राचं काही वाकडं नव्हतं. आमचा भाग मुळातच समुद्रसपाटीच्या खाली. दोन्ही अंगांना नद्या, समोर समुद्र. रविवारी आम्ही सगळे त्याच समुद्राकाठच्या बागेत पोळीभाजीचे डबे घेऊन जायचो आणि भावजी पँट दुमडून पाण्यात उभे राहायचे. त्या शुक्रवारी दुपारी इमारत हलायला लागली, तेव्हा ते आपल्या लहानग्या लेकीला, ओवीला, घेऊन जेवणाच्या टेबलाखाली गेले आणि हलायचं थांबल्यावरही बराच वेळ बाहेर आले नाहीत. गाड्या बंद पडल्या होत्या. मृणाल प्रयोगशाळेतून चालत निघाली ती पहाटे घरी पोचली. मधल्या वेळात टीव्हीवर उत्तरेकडची ती दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवत होते, पाणी शेतांवरून, घरांवरून, मोटारींवरून सरकत येताना. ओवीला मांडीवर घेऊन भावजींनी ते सगळं पाहिलं. त्याविषयी ते पुढे कधीच बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या काही दिवसांत निम्मी इमारत भारतात निघून गेली. भावजींनीही बॅगा भरल्या. पण मृणालची रोपं होती, नुकती मुळं धरलेली. "मी गेले तर रोपं मरतील," ती म्हणाली. 'आणि राहिलीस तर?' हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं असणार, पण ते त्यांनी गिळलं, बॅगा सोडल्या, बाजारात गेले आणि पृथ्वीचा गोल विकत घेऊन आले. मग शिवणाच्या डब्यातला दोरा त्या गोलावर लावून समुद्र मोजत बसले. एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले, हातात गोल, गोलावर दोरा. "वहिनी, सापडलं," म्हणाले. "नेब्रास्का. कुठूनही निघा, समुद्र गाठायला कमीत कमी तीन राज्यं ओलांडावी लागतात. अख्ख्या अमेरिकेत असं दुसरं राज्य नाही." माझा नवरा नको तिथे भूगोल काढतो. तो म्हणाला, "लांबच जायचं तर चीनमधलं वाळवंट त्याहून लांब आहे." भावजींनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "तिथे मृणालला नोकरी कोण देणार? नेब्रास्कात शेतकी कॉलेजं आहेत. मक्यालाही मुळं असतातच की."

बेत असा ठरला. मृणालचं इथलं काम संपलं की तिला तिकडे नोकरी आणि मग तिघंही समुद्रापासून तीन राज्यं दूर, जन्मभर. "पुढच्या मार्चात," भावजी म्हणाले. पुढचा मार्च आला, साकुरा म्हणजे चेरीचा मोहोर फुलला, गळला, भावजी पुन्हा म्हणाले, "पुढच्या मार्चात." असं दर वर्षी. आणि दर वर्षी मी मनातल्या मनात म्हणायचे, त्याच्याही पुढच्या, कारण परक्या मुलुखात असा शेजार एकदा गेला की गेला. इथे माझं बाळंतपण मृणालने आणि बाळंतविडा भावजींनी केलाय. डिंकाचे लाडू त्यांच्या हातचे होते. असली माणसं सरकारी कचेरीत अर्ज करून मिळत नाहीत.

जायचं ठरल्यावर अभ्यास आला. स्टेशनाजवळच्या एका भारतीय वाणसामानाच्या दुकानात भावजी बाइतो करायचे, म्हणजे रोजचे काही तास. तिथे तूरडाळीबरोबर नेब्रास्का फुकट मिळायचं. "सोलापूरच आहे हो ते. ज्वारीच्या जागी मका, बस्स." नावाचा अर्थ 'सपाट पाणी', तिथल्या मूळच्या ओटो लोकांच्या भाषेतला. "पाणीसुद्धा सपाट! लाट म्हणून नाही!" असं ते म्हणायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर देव भेटल्याचा आनंद असायचा. तिथली प्लॅट नदी मैलभर रुंद आणि वीतभर खोल असं लोक गमतीने म्हणतात. भावजींनी त्यातली गंमत काढून टाकून ती शास्त्रीय माहिती म्हणून सांगायला सुरुवात केली. ओमाहा, पॉन्का, पॉनी या तिथल्या जुन्या जमातींची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरायचा. "करार केले आणि मोडले, वहिनी. माणसं आपल्याच गावातून उठवली." तेव्हा गिऱ्हाईक मसुराची पिशवी खाली ठेवून उभं राहायचं आणि मागची रांग जपानी शिस्तीत थांबायची. मग सरकारने बाहेरच्यांना फुकट जमिनी दिल्या. ते आले, तर घर बांधायला लाकूड नाही, कारण झाडच नाही. म्हणून त्यांनी गवताची ढेकळं कापून त्यांची घरं रचली आणि पुढे झाडं लावायचा सणच सुरू केला. हा सण एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी असतो, हे मला आमच्या लग्नाच्या वाढदिवसाहून पक्कं पाठ आहे, कारण त्या दिवशी त्यांच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याला हळदकुंकू व्हायचं आणि प्रसादाला मक्याचे दाणे. ओवी तोवर शाळेत जाऊ लागली होती. आम्ही मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची. वडील नेब्रास्कावर आले की ती शांतपणे म्हणायची, "पप्पा, मो ई यो." म्हणजे, बाबा, पुरे आता. पण पुरे हा शब्द भावजींना कुठल्याच भाषेत येत नव्हता.

आता ती बोलती बंद झालेल्या माणसाची हकीकत. आमच्या वॉर्डात दर वर्षी परदेशी लोकांचा एक मेळावा भरतो. तिथे इंग्रजी शिकवणारा एक गोरा तरुण आला होता आणि त्याच्या छातीवरच्या चिठ्ठीत गाव लिहिलं होतं, ओमाहा. भावजींनी ते वाचलं आणि तडक घरी गेले. मला वाटलं, भावनावेग. परत आले ते बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. त्या तरुणाच्या हातात लाडू देऊन त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत विधिमंडळाची दोन सभागृहं, तुमच्याकडेच एक का?" तरुणाने लाडू खाता खाता विचारलं, "आमच्याकडे एकच आहे?" भावजींनी त्याला सावरायला वेळ दिला. मग वाळूच्या टेकड्यांबद्दल विचारलं, ज्यांच्यावर गवत उगवून त्या जागच्या जागी बसल्या आहेत. तरुण म्हणाला की तो तिकडे कधी गेला नाही, पण योकोहामाला एक फार छान रामेन-नूडल्सचं दुकान आहे. पाचव्या प्रश्नाला त्याने घड्याळ पाहिलं. भावजी परतीच्या वाटेवर झपाझप पुढे चालत होते. शेवटी थांबून म्हणाले, "वहिनी, तो नेब्रास्काचा नाही." डबा त्यांनी परत आणला होता.

आमच्या इमारतीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष एक वयस्क जपानी गृहस्थ होते. त्यांना सगळे कैचो-सान म्हणायचे, म्हणजे अध्यक्षसाहेबच. वर्षातून एकदा ते भूकंपाची तालीम घ्यायचे. सगळ्यांनी टोप्या घालून जिन्याने उतरायचं, मग आपापल्या कुटुंबाने कुठे आसरा घ्यायचा ठरवलंय ते सांगायचं. सगळे सांगायचे, पलीकडची प्राथमिक शाळा. भावजी म्हणाले, "नेब्रास्का." कैचो-सानांनी मान तिरकी केली, हातातल्या नकाशावर बोट फिरवलं आणि अतिशय आदराने विचारलं, "चालत किती वेळ लागतो?" भावजींनी तितक्याच आदराने सगळं समजावलं, तीन राज्यांसकट. कैचो-सानांनी पूर्ण ऐकून घेतलं. "चांगली जागा आहे," ते म्हणाले, "पण तोपर्यंत आधी प्राथमिक शाळेत या." भावजींना हे पटलं. या देशात आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा पहिला माणूस तो, असं ते नंतर म्हणायचे. यात मृणाल नाराज झाली नाही. ती ऐकत नसे, हे तिला मान्यच होतं.

पण भावजींचा खरा पराक्रम मिक्सरचा. जपानी घरांत दोन बाल्कन्यांच्या मध्ये एक पातळ फळी असते. तिच्यावर लिहिलेलंच असतं की संकटकाळी ही फोडून शेजाऱ्याकडे जा. इतर लोक ते वाचतात आणि कपडे वाळत घालतात. भावजी ती सूचना रोज वाचायचे. शिवाय त्यांनी आमच्या-त्यांच्या सामाईक भिंतीला देव्हाऱ्यातली छोटी घंटा दोऱ्याने टांगून ठेवली होती; जमीन हलली की घंटा वाजणार, हे यंत्र. इकडे माझा मिक्सर ठाण्याहून आणलेला, आणि इथली वीज अशक्त, म्हणून तो एका जडशीळ ट्रान्सफॉर्मरवर चालायचा. ओट्यावर जागा नाही, तेव्हा मी तो हॉलमध्ये त्याच भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचे. इतकी वर्षं वरचेवर पातळ चटण्या वाटल्या, काही झालं नाही. एका रविवारी मी शेंगदाण्याची चटणी करायला घेतली, सुकी, लसूण घालून, सोलापुरीच, कारण भावजींचा वाढदिवस होता आणि ती त्यांनाच द्यायची होती. मिक्सर घरघरला, भिंत थरथरली, पलीकडे घंटा वाजली. मी एक क्षणभर कसलातरी मोठा आवाज ऐकला आणि मग बाल्कनीच्या काचेबाहेर डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर आपत्कालीन पिशवी आणि पायांत एकच सपात अशा वेशात भावजी उभे दिसले, माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांच्या मधोमध. मागे फळीला माणसाएवढं भोक. त्यांनी दार सरकवलं आणि ओरडले, "वहिनी, गॅस बंद करा!" मी गॅस बंद केला. मग मिक्सर बंद केला. त्याबरोबर भूकंप थांबला. भावजींनी मिक्सरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पायाखालच्या कुरडयांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चटणीला छान वास सुटलाय."

मृणालने त्या दिवशी त्यांच्याशी अबोला धरला. मी धरणार होते, पण मला हसू आवरेना. फळी फोडल्याबद्दल माफी मागायला जपानी रीतीप्रमाणे मिठाईचा खोका घेऊन भावजी कैचो-सानांकडे गेले. दुभाषी म्हणून मला जावं लागलं. भावजींनी कमरेत वाकून माफी मागितली आणि सरळ होता होताच नेब्रास्कातल्या एकाच सभागृहाची माहिती दिली. मी भाषांतर केलं. दुसरं काय करणार! कैचो-सान विचारात पडले. "म्हणजे सभा अर्ध्या वेळात संपत असतील," ते म्हणाले. जन्मभर रहिवाशांच्या सभा चालवलेल्या माणसाच्या आवाजात मी इतकी असूया पूर्वी ऐकली नव्हती. नवी फळी महिन्याभरात बसली. आधीपेक्षा जरा जाड वाटली, पण असेल माझा भास.

अशा गमतीजमतीत दिवस चालले होते, आणि मृणालचा करार संपत आला. इथल्या संशोधकांचं असंच असतं. कितीही मुळं खोल गेली तरी करार वरच्या वर असतो. टोकियोत तिला जागा नव्हती. त्सुकुबात नव्हती, सेंदाइत नव्हती. ती दिसायला लागली होती अगदी उतरलेली. आणि एका सकाळी तिने आमच्या दाराची घंटा वाजवली, हातात फोन, डोळ्यांत पाणी. "मिळाली! कुठे मिळाली विचार!" मी विचारलं नाही. तिच्या त्या 'कुठे'वरूनच मला कळलं. लिंकन, म्हणजे नेब्रास्काची राजधानी. मक्याची मुळं, स्वतःची प्रयोगशाळा, हाताखाली माणसं, आणि करार नाही, कायमची नोकरी. मी तिला मिठी मारली आणि मनापासून आनंद झाल्यासारखं केलं. निम्मा खराच झाला होता.

भावजी नाचतील असं आम्हाला वाटलं होतं. ते म्हणाले, "अरे वा," आणि कचरा टाकायला खाली गेले. त्या दिवशी कचऱ्याचा वार नव्हता. त्यानंतर नेब्रास्काचं हवामान बिघडलं. इतक्या वर्षांत ज्या राज्यात एक वाईट गोष्ट घडली नव्हती, तिथे एकाएकी चक्रीवादळं येऊ लागली. "घर उचलून नेतात, वहिनी. मुळापासून." थंडी अशी पडू लागली की पापण्या गोठाव्यात. गवतात विषारी साप निघाले. मी म्हटलं, "भावजी, अहो, सोलापूरच आहे ना ते?" तर म्हणाले, "सोलापुरात बर्फ पडतो काय?" वसंतात प्लॅट नदीवर लाखो क्रौंच उतरतात, ही गोष्ट ते पूर्वी डोळे मिटून सांगायचे. आता म्हणाले, "पक्षीसुद्धा तिथे राहत नाहीत. दाणे खातात आणि निघतात." मृणालला हे काही समजेना. ती मला म्हणाली, "ह्याला झालंय तरी काय? तोंडाला फेस येईपर्यंत ज्याचं नाव घेतलं, ते ताटात वाढलं तर हा जेवायला बसत नाही." होकार कळवायची मुदत जवळ येत होती, आणि घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं.

सप्टेंबरची पहिली तारीख जपानात आपत्तीच्या तयारीचा दिवस. त्या दिवशी लोक दाराशी ठेवलेली पिशवी उघडतात, मुदत संपत आलेलं खाणं काढून खातात आणि नवं भरतात. आमची दोन्ही घरं हे दर वर्षी एकत्र करायची, त्यांच्याकडे. डब्यातला पाव, गरम पाणी ओतलं की फुगणारा भात, आणि त्यावर माझी चटणी, कारण नुसतं ते अन्न खाण्यापेक्षा आपत्ती बरी. भावजी पिशवीतून एकेक वस्तू काढून ठेवत होते: विजेरी, शिट्टी, पाण्याच्या बाटल्या. मृणाल एकदम म्हणाली, "मी उद्या होकार कळवतेय. तुझं काय म्हणणं आहे ते आज सांग."

"माझं काय?" भावजी शिट्टी पुसत म्हणाले. "तुझी नोकरी आहे."

"माझी नोकरी? अरे, इतकी वर्षं नेब्रास्का नेब्रास्का करून तू डोकं खाल्लंस. इतक्या ठिकाणी अर्ज केले त्यात तिथला पहिला केला, तो कुणासाठी? मला काय मक्याचं वेड लागलं होतं?"

भावजींनी शिट्टी खाली ठेवली. "माझ्यासाठी केलास?" असं त्यांनी विचारलं. मग ते त्या रिकाम्या पिशवीकडे बघत बोलले. "मृणाल, ही पिशवी दाराशी आहे म्हणून मला झोप लागते. म्हणून मी ती पाठीवर टाकून रोज हिंडतो काय? नेब्रास्का होतं म्हणून मी इथे राहू शकलो. हलायला लागलं की म्हणायचो, असू दे, नेब्रास्का आहे. आता तिथेच जाऊन राहिलो, तर जायला जागा कुठली ठेवू?"

माझा नवरासुद्धा भूगोल विसरला. ओवी भात ढवळत होती, ती जपानीत म्हणाली, "तिकडे ट्रेन आहेत का?" भावजींना माहिती विचारली की ती द्यावीच लागे. "आहेत की. खूप लांब लांब मालगाड्या." "माणसांसाठी?" भावजींनी अंमळ घसा साफ केला. "एक येते. मध्यरात्री." टोकियोत जन्मलेल्या, दर दोन-चार मिनिटांनी गाडी पाहिलेल्या त्या पोरीने आईकडे अशा नजरेने पाहिलं की मृणालचा बांधच फुटला. "नकोच मग," ती म्हणाली, "मी नाही म्हणून कळवते. राहू इथेच. करेन काहीतरी. शिकवण्या करेन." ते 'करेन काहीतरी' ऐकवत नव्हतं. मुळांशिवाय तिला दुसरं काही येत नाही आणि यायलाही नको.

भावजी बराच वेळ डब्यातला पाव कुस्करत बसले. मग त्यांनी वस्तू एकेक करून पुन्हा पिशवीत भरल्या, नीट, होत्या त्या क्रमाने, आणि चेन लावून म्हणाले, "नाही म्हणून कळवायचं नाही. रोपं मरतील."

मृणाल उठून आत गेली. मी चटणीची बरणी बंद केली, पुन्हा उघडली. ज्या माणसाला आम्ही वेडा वेडा म्हणून हसलो, तो त्या मार्चापासून रोज घाबरलेला होता आणि तरी रोज इथेच राहिला होता, कारण बायकोची रोपं इथे होती, हे मला त्या टेबलापाशी कळलं. आणि आता तो आपली निवाऱ्याची जागाही तिच्याच रोपांना देऊन टाकत होता.

मार्चातच गेले ते. बोलल्याप्रमाणे. कैचो-सानांनी दोऱ्यात ओवलेले कागदी क्रौंच आणून दिले आणि म्हणाले की तिकडे यांना सोबत भरपूर आहे असं ऐकलंय. म्हणजे गृहस्थ खरंच ऐकत होते. कढीपत्ता विमानात नेता येईना, तो आमच्या बाल्कनीत आला. त्यांची आपत्तीची पिशवीही आली; दाराशी आता दोन पिशव्या आहेत. शेजारी एक तरुण जपानी जोडपं राहायला आलं, फार गोड आहेत, दोन वर्षांत त्यांचा आवाज म्हणून ऐकला नाही.

मृणालचे फोन येतात. काम झकास चाललंय. भावजींबद्दल विचारलं की ती सुस्कारा सोडते. "लिंकनमध्ये आता एकही माणूस उरला नाही, ज्याला आपल्या वॉर्डाची माहिती नाही," म्हणते. तिकडच्या शेतकऱ्यांना ते सांगतात, आमच्या गावात पूर्वीपासून शोभेचे सोनेरी मासे वाढवतात. कोमात्सुना नावाची पालेभाजी मूळ आमच्याकडची. आमचा वॉर्ड समुद्राच्या पातळीखाली आहे आणि लोक तरी खुशाल झोपतात. मक्याच्या शेताच्या बांधावर उभा राहून कुणी अमेरिकन माणूस हे ऐकून घेत असेल, हे चित्र मला फार आवडतं. ओवी म्हणे त्यांना अजून जपानीतच सांगते, मो ई यो.

परवा शनिवारी संध्याकाळी इथे जमीन बऱ्यापैकी हलली. दिवा झुलला, कपाटातली भांडी खुळखुळली, मी गॅस बंद करून दार उघडून उभी राहिले. हलायचं थांबतंय न थांबतंय तोच फोन वाजला. तिकडे पहाट असणार. इथल्या भूकंपाची सूचना देणारी घंटी त्यांनी फोनवर अजून ठेवली आहे.

"वहिनी, दार उघडलंत काय?"

"उघडलं, भावजी. सगळे ठीक आहोत. किरकोळ होता."

"घंटा वाजली असती आपली," ते म्हणाले. "इथे काही हलतच नाही हो, वहिनी. पाण्याचा पेला टेबलावर ठेवला, तर सकाळपर्यंत तसाच्या तसा. मी उठून उठून बघतो."

हवं ते मिळालं ना, असं म्हणायची ही वेळ नव्हती. मी फोन घेऊन हॉलमध्ये गेले, मिक्सरच्या भांड्यात ओंजळभर शेंगदाणे टाकले, तो भिंतीला टेकवला, फोन त्याच्याशेजारी जमिनीवर ठेवला आणि बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर घुमला, मिक्सर घरघरला, भिंत थरथरली. दाण्यांचं पीठ होऊन त्याला तेल सुटलं तरी मी बंद केला नाही. शेवटी थांबवून फोन कानाला लावला.

"वहिनी," भावजी हळूच म्हणाले, "गॅस बंद करा."

गॅस बंदच होता. मी उठले आणि तो पुन्हा एकदा बंद केला.